शंकेचा रकाना

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, तेव्हा आदिलाबाद जिल्हाही फाटला. किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. बाकीचा जिल्हा तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेला (तो आज तेलंगणात आहे), आणि नांदेड जिल्ह्याची मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कल्स त्याला येऊन मिळाली. शेते अर्थातच जागची हलली नाहीत. निजामी मोजणीदारांनी रोवलेले हद्दीचे दगड होते तिथेच राहिले, सेतवारातले सर्वे नंबरही तेच राहिले. बदलले ते पुढचे कागद. किनवटच्या शेतकऱ्याच्या हाती सातबारा आला, आदिलाबादच्या शेतकऱ्याच्या हाती पाहणी आणि पट्टादार पासबुक. किनवटचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जाऊ लागले, आदिलाबादचे आजही एकर-गुंठ्यात लिहिले जाते.

पुढे दोन्हीकडचे दप्तर संगणकात गेले. महाराष्ट्राचे महाभूलेखवर चढले, तेलंगणाचे ‘धरणी’वर आणि आता ‘भू भारती’वर. एकाच मुळाच्या कागदांवर दोन राज्यांनी दोन वेगळ्या रचना बसवल्या. देशभरच्या जमिनीची नोंदणी आणि नकाशे एका संगणकी व्यवस्थेत आणायचे, तर ती व्यवस्था कशी रचावी, या प्रश्नाची परीक्षा घ्यायला या सीमेवरच्या पैनगंगेच्या काठाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. कारण आदिलाबादमध्ये जमिनीविषयीची जवळजवळ प्रत्येक शंका हजर आहे: कोरडवाहू काळ्या रानातली तोंडी खरेदी, डोंगरातली आदिवासींची हिसकावलेली शेते, वनखाते आणि महसूलखाते या दोघांनी आपली म्हटलेली जमीन, आणि दोन राज्यांनी आपली म्हटलेली गावे. संगणकाला ‘होय’ आणि ‘नाही’ कळते. ‘अजून ठरलेले नाही’ हे त्याला शिकवावे लागते, आणि ते शिकवायचे राहून गेले की काय होते ते तेलंगणाने गेल्या काही वर्षांत पाहिले.

तीन दप्तरांची जमीन

भारतात जमिनीचा मालक कोण, याचे अंतिम उत्तर देणारे पुस्तक नाही. आहेत ती तीन दप्तरे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते, पण 1908च्या नोंदणी कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची. विकणारा खरा मालक होता की नाही, याची हमी निबंधक देत नाही. दुसरे दप्तर महसूल खात्याचे. तिथे फेरफार होऊन नव्या मालकाचे नाव चढते, पण ती नोंद मुळात सारा कोणाकडून वसूल करायचा हे ठरवण्यासाठीची आहे, तिच्यामुळे मालकी सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तिसरे दप्तर मोजणीचे. नकाशा तिथे असतो आणि वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतो. महाराष्ट्रात आजही खरेदीखत एका कार्यालयात, फेरफार गावच्या तलाठ्याकडे (ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि मोजणी भूमी अभिलेख खात्यात, अशी तिहेरी यात्रा करावी लागते.

याला पर्याय आहे तो टोरेन्स पद्धतीचा. रॉबर्ट टोरेन्स याने 1858 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात ती आणली. नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, मागचे दस्त उकरायचे नाहीत, आणि नोंदवही चुकली तर नुकसानभरपाई सरकारने द्यायची. भारताने ही वाट धरावी असे सांगणारा अहवाल पुण्यातून निघाला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डी. सी. वाधवा यांनी नियोजन आयोगासाठी 1989 साली तो लिहिला. केंद्राने 2008 साली भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा याच हमीच्या मालकीकडे जाण्याचे ध्येय ठेवले. 2016पासून तो कार्यक्रम डिजिटल इंडियाच्या नावाखाली चालतो. पण हमी द्यायची तर आधी नोंद खरी असावी लागते. नोंद खरी करायची तर तिन्ही दप्तरे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात, आणि ताडून पाहिली की त्यांचे न जुळणे उघडे पडते.

तेहतीस फुटांची साखळी

ही दप्तरे आदिलाबादेत आली कशी, ते पाहणे उपयोगाचे आहे. पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीत हैदराबादने मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी उचलली. मुंबई पद्धतीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. कोनासाठी क्रॉस-स्टाफ, बांधाच्या कोपऱ्यांवर दगड, आणि प्रत्येक सर्वे नंबराचे हाताने काढलेले टिपण. टिपणांवरून गावचा नकाशा, आणि नकाशासोबत सर्वे नंबर, क्षेत्र, आकार लिहिलेले सेतवार. सारा किती, हे ठरवायला एवढी अचूकता पुरेशी होती.

पोलीस कारवाईनंतर 1949 साली जहागिरी रद्द झाल्या, 1950 साली कुळकायदा आला आणि कोण कुठली जमीन धरून आहे ते नव्याने लिहिणे भाग पडले. 1954-55ची खासरा पाहणी ती हीच. तेलंगणात आजही जमिनीच्या वादात वकील पहिल्यांदा हीच मागतात, आणि मराठवाड्यातही जुना हक्क शोधताना खासऱ्याचीच नक्कल काढली जाते. खासरा पाहणीनंतर सत्तर वर्षांत वाटण्या झाल्या, विक्र्या झाल्या, सर्वे नंबरांना बटे पडले. पण बहुतेक वेळा हे बटे कागदावरच पडले. जागेवर साखळी गेली नाही आणि नकाशावर नवी रेघ आली नाही.

त्याचा परिणाम बेरजेत दिसतो. समजा एका सर्वे नंबराचे सेतवारातले क्षेत्र 12 एकर 20 गुंठे आहे. त्याच नंबराच्या सगळ्या पासबुकांतली क्षेत्रे मिळवली तर 13 एकर 5 गुंठे भरतात. पंचवीस गुंठे हवेत आहेत. कोणाचे तरी क्षेत्र कमी करावे लागेल, पण कोणाचे, हे कागद सांगत नाही. कागदी दप्तरात असा नंबर वर्षानुवर्षे निर्धास्त राहतो, कारण बेरीज करायला कोणी बसत नाही. संगणक मात्र ती क्षणात करतो, आणि मग त्या सर्वे नंबराचे काय करायचे हे रचना करणाऱ्याला आधीच ठरवून ठेवावे लागते.

सारा भरला, पट्टा नाही

जैनद-बेलाच्या कापसाच्या सपाट रानातून उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरच्या डोंगरांकडे चढू लागले की प्रश्न निराळा होतो. इथे गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आले. निजामी दप्तरात त्यातले बहुतेक ‘शिवाय जमाबंदी’ होते, म्हणजे सारा भरत, पण पट्टा त्यांच्या नावे नव्हता. रेल्वे आणि रस्ते आले, मागोमाग बाहेरचे शेतकरी आणि सावकार आले. पटवाऱ्याच्या वहीत नाव कोणाचे लिहायचे हे ज्याला कळत होते, त्याची जमीन झाली. उरलेले रान राखीव जंगलात गेले. कुमराम भीम याच्या नेतृत्वाखाली जोडेघाटात झालेला आणि 1940 साली गोळीबारात संपलेला उठाव याच हिसकावणीविरुद्ध होता.

त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादेत पाठवले. मारलावाई या गोंड गावात राहून त्याने जे सुचवले, त्यात शाळांइतकेच महत्त्व पट्ट्यांना होते. 1940च्या दशकात खास नियमांनुसार सुमारे 1,60,000 एकर जमीन आदिवासी कुटुंबांच्या नावे लिहिली गेली. या कामाच्या काळात हैदराबादच्या सेवेतले एक मराठी अधिकारी गोंडांमध्ये वावरत होते. पुढे शिवकाळाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले सेतुमाधवराव पगडी ते हेच. त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. ज्याच्या नावे जमीन लिहायची त्याचे बोलणे समजणारा माणूस लिहिण्याच्या जागी असला, तर नोंद किती बदलते, याचा तो थोडक्या वर्षांचा प्रयोग होता.

तो टिकला नाही. पट्टे पुन्हा हातचे गेले. म्हणून अनुसूचित भागासाठी 1959चे जमीन हस्तांतर विनियम झाले, आणि 1970 साली ते कडक करण्यात आले. ‘वन सेवंटी’ या नावाने ते आदिलाबादच्या कोणत्याही तहसील कचेरीत ओळखले जाते. अनुसूचित भागात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाहीच, शिवाय एका बिगर-आदिवासीची दुसऱ्या बिगर-आदिवासीलाही विकता येत नाही. तरी व्यवहार थांबले नाहीत, ते फक्त कागदाबाहेर गेले. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत पट्ट्यांच्या मागणीसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, सरकारी आकड्यानुसार त्यात 13 जण मेले. 2006च्या वनहक्क कायद्याने जंगलात कसणाऱ्यांना हक्कपत्र मिळण्याची वाट उघडली. तेलंगणात या शेतीला ‘पोडू’ म्हणतात. 30 जून 2023 रोजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी आसिफाबादहून पोडू पट्ट्यांचे राज्यव्यापी वाटप सुरू केले, ते सुमारे चार लाख एकरांचे होते.

आता हे सारे संगणकाच्या भाषेत लिहायला बसावे. सपाटीवरचा पट्टा विकता येतो, गहाण टाकता येतो, वारसाला जातो. वनहक्काचा पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही. अनुसूचित गावातल्या पट्ट्याला कोण विकत घेतो आहे त्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ लागते. सरकारने भूमिहीनाला दिलेली जमीनही विकता येत नाही. म्हणजे ‘मालक’ या एका रकान्याने भागत नाही. हक्क कोणता, त्यावर बंधन कोणते आणि ते बंधन कोणत्या कायद्याने आले, असे निदान तीन रकाने प्रत्येक शेतामागे लागतात.

शंभर दिवसांत दप्तर

तेलंगणाने काम सुरू केले ते वेगाने. 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यभर भूमी अभिलेख शुद्धीकरणाची मोहीम निघाली, गावोगाव जाऊन नोंदी तपासून त्या वर्षअखेरीला संपवायची. निर्विवाद नोंदी ‘अ’ भागात, वादातल्या ‘ब’ भागात. आदिलाबाद जिल्ह्याचे आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 2016मध्ये, चार जिल्हे झाले होते: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमराम भीम आसिफाबाद. नवी तहसील कार्यालये, नवी मंडले, आणि त्यावर ही मोहीम.

घाईला कारण होते. 10 मे 2018 रोजी ‘रयतु बंधू’ योजना सुरू झाली. प्रत्येक पट्टादाराला हंगामाला एकरी 4,000 रुपये, पुढे 5,000. पैसे द्यायचे तर यादी हवी, आणि यादी म्हणजे पासबुक. हक्काची नोंद प्रथमच थेट बँकेतल्या पैशाला जोडली गेली. हे सोपे व्हावे म्हणून पाहणीतला एक जुना रकाना गळाला. पाहणीत पट्टादाराशेजारी प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव लिहीत असत. नव्या पासबुकात ते उरले नाही. आदिलाबादच्या कापूस पट्ट्यात मक्त्याने शेती करणाऱ्याचे नाव त्या दिवसापासून सरकारी दप्तरात कुठेच दिसेनासे झाले.

मग सप्टेंबर 2020मध्ये नवा पट्टादार पासबुक कायदा झाला. गावपातळीची ग्राम महसूल अधिकारी (व्हीआरओ) ही पदे रद्द झाली, महसुली न्यायालये मिटली. त्याआधी नोव्हेंबर 2019मध्ये हैदराबादजवळच्या अब्दुल्लापूरमेट इथे जमिनीच्या वादातून महिला तहसीलदाराला कार्यालयातच जाळून मारण्यात आले होते, आणि महसूल खात्यातल्या लाचखोरीविरुद्धचा रागही शिगेला होता. गावचा माणूस दप्तरातून काढून टाकला की भ्रष्टाचार संपेल, असा सरकारचा हिशेब होता. 29 ऑक्टोबर 2020 रोजी ‘धरणी’ सुरू झाले.

त्याचे चांगले काय, ते मान्य करायला हवे. शेतजमिनीचे खरेदीखत आणि फेरफार ही दोन दप्तरे धरणीने एकत्र आणली. तहसीलदारालाच दुय्यम निबंधकाचे अधिकार मिळाले. वेळ आधी ठरवायची, दोन्ही पक्षांनी जायचे, अंगठा द्यायचा, आणि खरेदीखत होता होता फेरफारही व्हायचा. पूर्वी ज्यांनी फेरफारासाठी महिनोन्‌महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, त्यांच्यासाठी हा बदल खरा होता. महाराष्ट्रात खरेदीनंतर फेरफाराची नोटीस, हरकतीचा काळ आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी असा प्रवास आजही असतो.

पण तिसरे दप्तर, नकाशा, धरणीत आलेच नाही. शेत विकले जाई ते सर्वे नंबर आणि क्षेत्राच्या आकड्यावर. आणि दुरुस्तीचे दार फार अरुंद होते. तहसीलदाराला नाव, क्षेत्र किंवा जमिनीचा प्रकार बदलता येत नसे. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे, नाहीतर दिवाणी न्यायालयात. वारसांच्या नोंदीत चौकशीची पायरी नव्हती, वारसांनी सांगितले ते नोंदले जाई. ‘ब’ भागात राज्यातली सुमारे 18 लाख एकर जमीन अडकून राहिली, तिला ना पासबुक, ना रयतु बंधू. एखाद्या सर्वे नंबरातला दोन एकरांचा तुकडा सरकारी असेल तर नोंदणी कायद्याच्या 22-अ कलमाच्या निषिद्ध यादीत पूर्ण नंबरच जाऊन बसे, आणि शेजारच्या निर्विवाद मालकाची विक्रीही थांबे.

तेवढ्यात सादा बैनाम्याचा प्रश्न उघडा पडला. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांपुढे झालेली ही खरेदी तेलंगणात गरीब शेतकऱ्याची नेहमीची पद्धत आहे, मुद्रांकाचा खर्च टाळायला. 2020मध्ये सरकारने ती नियमित करण्यासाठी अर्ज मागवले आणि नऊ लाखांहून अधिक अर्ज आले. नव्या कायद्यात अशा नियमितीकरणाची तरतूदच नव्हती, म्हणून उच्च न्यायालयाने ते थांबवले. प्रत्यक्षात कसणारा एक, पोर्टलवर दुसरा, आणि पोर्टलवरच्याच्या खात्यात दर हंगामाला पैसे.

वाद लिहून ठेवण्याची रीत

शेजारच्या आंध्र प्रदेशाने उलटी दिशा धरली. तिथे डिसेंबर 2020पासून ड्रोन आणि उपग्रहाच्या मदतीने गावोगाव पुनर्मोजणी सुरू झाली, म्हणजे आधी नकाशा. सोबत मालकीची हमी देणारा कायदाही केला. पण वाद ऐकणारा पहिला अधिकारी कोण, आणि न्यायालयाचे दार किती उघडे, या प्रश्नांवर शेतकऱ्यांत भीती पसरली, हद्दीच्या दगडांवर आणि पासबुकांवर मुख्यमंत्र्याचे छायाचित्र आल्याने रागही वाढला. 2024च्या निवडणुकीत तो मोठा विषय झाला आणि नव्या सरकारने कायदा मागे घेतला. एकाकडे नकाशा नव्हता, दुसऱ्याकडे नकाशा होता, आणि दोघेही अडले ते वादाच्या वळणावर.

पूर्व आफ्रिकेतल्या रवांडाने हे वळण वेगळ्या तऱ्हेने घेतले. 2009 ते 2013 या काळात तिथे एक कोटीहून अधिक जमिनीचे तुकडे नोंदले गेले, प्रत्येकी दहा डॉलरपेक्षा कमी खर्चात. गावातल्याच तरुणांना प्रशिक्षण दिले, हवाई छायाचित्राची मोठी प्रत शेतात नेली, शेजाऱ्यांसमोर बांधाची रेघ पेनाने ओढली. सेंटिमीटरची अचूकता कोणी मागितली नाही. आणि जिथे दोघांनी हक्क सांगितला तिथे वादाचा वेगळा फॉर्म भरला. तो तुकडाही नकाशावर आला, फक्त ‘वादग्रस्त’ म्हणून आणि दोन्ही नावांसह.

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने 2012 साली जमीन व्यवस्थापनाचे जे मानक स्वीकारले, आयएसओ 19152, त्याची रचना याच विचारावर आहे. त्यात चार गोष्टी सुट्या ठेवल्या आहेत: माणूस किंवा संस्था, तिचा हक्क-बंधन-जबाबदारी, ज्या जमिनीवर ते आहे तो कायदेशीर घटक, आणि त्याची प्रत्यक्ष जागा. एका जागेवर अनेक हक्क, एकमेकांना छेदणारे हक्क, कागद नसलेला वहिवाटीचा हक्क, हे सारे त्यात लिहिता येते. संयुक्त राष्ट्रांच्या निवारा संस्थेने त्याची सोपी आवृत्ती गरीब वस्त्यांसाठी आणि आदिवासी भागांसाठी वापरात आणली आहे. उटनूरचा वनहक्क, सपाटीवरचा सादा बैनामा आणि मक्तेदाराची वहिवाट या तिन्हींना या रचनेत जागा आहे. धरणीच्या रचनेत ती नव्हती.

नकाशा जमिनीवर बसवताना

नकाशाचे काम ऐकायला सोपे वाटते: जुना नकाशा स्कॅन करा, रेघा संगणकात ओढा, उपग्रहाच्या चित्रावर ठेवा. ठेवले की बसत नाही. शंभर वर्षे घडी करून ठेवलेला कागद दोन दिशांना वेगवेगळा आकसलेला असतो, धुतलेल्या सुती कापडासारखा. म्हणून जमिनीवर खात्रीच्या खुणा शोधाव्या लागतात. तीन गावांच्या हद्दी मिळतात तो तिवड्याचा दगड, जुनी विहीर, न हललेला बांध. त्यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि त्यांवर जुना नकाशा ताणून बसवायचा.

इथे साधनाला महत्त्व येते. साध्या मोबाइलच्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. शंभर मीटर लांबीच्या बांधावर पाच मीटरची चूक म्हणजे जवळपास पाच गुंठे, आणि पाच गुंठ्यांवरून आदिलाबादेत डोकी फुटतात. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायम चालू राहणारी संदर्भ केंद्रे उभारली आहेत. त्यांच्याकडून दुरुस्ती घेत मोजणी केली की चूक काही सेंटिमीटरवर येते. पण यंत्र आज बांध कुठे आहे एवढेच सांगते. तो गेल्या वीस वर्षांत शेजाऱ्याने नांगरटीत सरकवला का, ते टिपण सांगते, आणि टिपणाची नक्कल हरवली असेल तर गावातले जुने माणूस. तेलंगणात चारशेहून अधिक गावांचा नकाशाच दप्तरात नाही. तिथे मोजणी कोऱ्या कागदापासून करावी लागेल.

मोजलेल्या तुकड्याला ओळख म्हणून केंद्राने 2021पासून चौदा अंकी-अक्षरी क्रमांक आणला, त्याला भू-आधार म्हणतात. तो सर्वे नंबराप्रमाणे गावावर अवलंबून नाही, जमिनीच्या अक्षांश-रेखांशांवरून तयार होतो. म्हणजे किनवटचे शेत आणि आदिलाबादचे शेत प्रथमच एकाच मोजमापाने ओळखता येतील. राज्यांच्या सीमेवर त्याची खरी कसोटी आहे. पूर्वी आदिलाबादेत असलेले केरामेरी मंडल आणि चंद्रपूरचा जिवती तालुका यांच्यामध्ये परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा अशी चौदा गावे आहेत. तिथल्या मराठी कुटुंबांकडे दोन राज्यांची रेशनकार्डे आणि मतदार ओळखपत्रे आहेत, एकाच गावाला दोन सरपंच आहेत. जुलै 2025मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे महाराष्ट्राचीच असल्याचे सांगून त्यांच्या विलीनीकरणाची प्रक्रिया जाहीर केली. दोन राज्यांची दप्तरे एकमेकांशी बोलत नसतील तर असे एकच शेत दोन पोर्टलांवर दोन नावांनी बसू शकते, आणि दोन्ही नोंदी आपापल्या ठिकाणी अगदी बिनचूक दिसतील.

तात्पुरता आणि कायम

2023च्या अखेरीस तेलंगणात सरकार बदलले. धरणीचा अभ्यास करायला समिती बसली, त्यात जमीन कायद्याचे अभ्यासक एम. सुनील कुमार आणि निवृत्त सनदी अधिकारी रेमंड पीटर होते. धरणी चालवण्याचे काम खासगी कंपनीकडे होते, आधी आयएल अँड एफएस टेक्नॉलॉजीज, पुढे टेरासिस. 1 डिसेंबर 2024पासून ते केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे (एनआयसी) गेले. 14 एप्रिल 2025 रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी ‘भू भारती’ सुरू केले. एकत्रित आंध्राच्या काळात शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात याच नावाने असाच एक प्रयोग झाला होता, तो पुढे सरकला नव्हता.

नव्या रचनेत तीन बदल महत्त्वाचे आहेत. पहिला, खरेदीसोबत मोजणीचा नकाशा जोडणे. त्यासाठी परवानाधारक मोजणीदार तयार केले जात आहेत, कारण सरकारी मोजणीदार पुरणार नाहीत. दुसरा, अपिलाची शिडी परत आली. तहसीलदाराच्या आदेशावर महसूल विभागीय अधिकारी, त्याच्यावर जिल्हाधिकारी, आणि शेवटी भूमी न्यायाधिकरण. वारसाच्या फेरफाराआधी नोटीस आणि चौकशी. गावपातळीचा माणूसही ग्राम पालन अधिकारी या नावाने परतला. तिसरा बदल सर्वांत शांतपणे आला, पण रचनेच्या दृष्टीने तोच मोठा आहे. जमिनीच्या तुकड्याला तेलंगणा जो भूधार क्रमांक देणार, तो दोन प्रकारचा ठेवला आहे. नोंद स्वच्छ असेल पण मोजणी व्हायची असेल तेव्हा तात्पुरता, मोजणी होऊन हद्द पक्की झाली की कायम. ‘अजून ठरलेले नाही’ हे सांगणारी खूण दप्तरात पहिल्यांदाच आली.

महाराष्ट्रालाही याची गरज पडलीच होती. हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा यांत फरक निघाले, तेव्हा जमीन महसूल संहितेच्या कलम 155खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचे हजारो आदेश तहसीलदारांना काढावे लागले. फरक एवढाच की दुरुस्तीचे ते कलम आधीपासून हाताशी होते. तेलंगणाने दुरुस्तीची अशी वाट पोर्टल सुरू करताना बाजूला ठेवली आणि साडेचार वर्षांनी परत आणली.

सादा बैनाम्यांवरची न्यायालयीन स्थगिती ऑगस्ट 2025मध्ये उठली आणि नऊ लाख अर्जांच्या छाननीचा मार्ग मोकळा झाला. जैनद, बेला, तामसी या सपाटीच्या मंडलांत त्याने अनेकांचे नाव दप्तरात येईल. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरमध्ये मात्र वन सेवंटीमुळे हा मार्ग बंद आहे. तिथे पट्टादार आदिवासी आणि कसणारा बाहेरचा असे शेत सापडले, तर प्रकरण आदिवासी कल्याणाच्या विशेष उपजिल्हाधिकाऱ्याच्या न्यायालयात चालते, आणि ते वर्षानुवर्षे चालू शकते. त्या प्रकरणाचा क्रमांक आणि स्थिती त्या शेताच्या भूधार नोंदीवर उमटली, तर तहसीलदाराला अंगठा घेण्याआधी ती दिसेल, कर्ज देणाऱ्या बँकेला दिसेल, आणि आपला पट्टा कुठवर आला हे विचारायला उटनूरला हेलपाटे घालणाऱ्या गोंड शेतकऱ्याला गावच्या मीसेवा केंद्रातही दिसेल.